मागच्या सीटवरचा गिअर

आबांना गिअर दुसऱ्याच्या हातात बघवत नसे. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली एकोणीस सातारा–मेढा–महाबळेश्वर. निवृत्त झाल्यावर लेकीच्या स्कूटरवर मागे बसायची वेळ आली, तर स्कूटर बॅटरीची, तिला गिअरच नाही. तरी ह्यांचा डावा हात तिच्या कमरेपाशी गिअर टाकत असायचा. लेक म्हणायची, आबा, गुदगुल्या होतात, हात खाली ठेवा.

आबा म्हणजे माझे यजमान. पोरं म्हणायला लागली तशी मीही आबाच म्हणायला लागले. ते मला वैजू म्हणतात.

माझे डोळे चव्वेचाळिसाव्या वर्षापासून जायला लागले. एकदम गेले नाहीत, कडेकडेनं गेले. आधी जग दाराएवढं झालं, मग खिडकीएवढं, मग कुलपाच्या भोकाएवढं. पन्नाशीला भोकही बुजलं. डोळ्यांबरोबर आणखी बऱ्याच गोष्टी गेल्या, त्यांची कुणी नोंद ठेवली नाही. भाजी कुठली आणायची, साडी कुठली नेसायची, बाहेर कधी निघायचं, घरी कधी परतायचं, हे सगळं आबा बघायला लागले. त्यांनी ते मायेनं केलं, त्यामुळे भांडताही येईना.

मग लेकीनं टँडम आणून दिली. टँडम म्हणजे दोघांची सायकल. पुढच्याच्या हातात हँडल, ब्रेक, गिअर. मागच्यानं फक्त पायडल मारायचं. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे हात, डाव्या बाजूनं एका चेननं बांधलेले असतात, त्यामुळे दोघांचे पाय एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली. उजव्या बाजूनं दुसरी चेन मागच्या क्रँकवरून निघते आणि चाकाला जाते. सहा वर्षं आम्ही तिच्यावरून हिंडलो. वारा तोंडावर आला की मला वाटायचं, अजून कुठंतरी जाता येतं.

दोन हजार एकेचाळीसच्या श्रावणात त्या सायकलची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची चळत, झिजून संपली आणि आबांनी ठरवलं की आता बदलायचं तर सगळंच बदलायचं. आम्ही सदर बझारात इलियास शिकलगारकडे गेलो. इलियास पन्नाशीचा. त्याचे आजोबा दारोदार फिरून विळे-सुऱ्यांना धार लावायचे, आणि पोलादाचा दाता कुठं दमलाय हे इलियासला बोट फिरवून कळतं. माझी आणि त्याची मैत्री त्यामुळेच. तो वस्तू दाखवत नाही, हातात देतो.

त्यानं जुनी कॅसेट माझ्या हातात ठेवली. दाते एका अंगाला कलले होते, वाऱ्यात गवत कलतं तसे. मग नवी दिली. एका अखंड गोळ्यातून कोरलेली, तेरा चकत्यांची, आणि वजनाला एखाद्या पेरूएवढी. मी प्रत्येक चकतीवर नख मारून बघितलं. मोठी खर्जात बोलली, धाकटी अगदी बारीक. सगळ्यात मोठीला छत्तीस दाते होते. मी म्हटलं हीच घ्या, चढाला पाय हलके राहतील. आबा म्हणाले, छत्तीस म्हणजे म्हातारीची चकती, तेवढ्यात माणूस चालत पोचतो. इलियासनं मध्ये पडून चौतिसाची काढली. क्रँकच्या लांबीवरून मात्र भांडण झालं नाही, कारण टँडमवर दोघांचे वेगवेगळे चालतात. त्यांनी लांब घेतले, मी आखूड. चेन तेलातली नव्हती, मेणात उकळलेली होती. दुकानभर देवळात यावा तसा वास होता.

"आता गिअर," इलियास म्हणाला, आणि त्यानं एक छोटी पेटी माझ्या ओंजळीत ठेवली. "काकी, ह्याला बटन नाही."

कंपनीनं त्याला काही लांबलचक नाव दिलं होतं. इलियास त्याला अगाऊ गिअर म्हणायचा. त्यानं चहा मागवला आणि आम्हांला समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं, आपण मनात ठरवतो आणि मग पाय ऐकतात. तसं नसतं. चढ जड व्हायला लागला की आपल्या मनात 'आता हलका गिअर पाहिजे' हे येण्याआधी साधारण अर्धा सेकंद पायांनी ते ठरवलेलं असतं. घोटा थोडा खाली जातो, पोटरी आधी आवळते, पायडलच्या एका फेरीतला जोर जिथं यायचा त्याच्या जरा पुढं येतो. माणसाला ह्यातलं काही जाणवत नाही. पण क्रँकच्या दांड्याला जाणवतं, कारण प्रत्येक दाबाला तो दांडा केसाच्या हजाराव्या भागाएवढा पिळला जातो. अगाऊ गिअर तो पीळ सेकंदाला दोन हजार वेळा मोजतो. आधी दोनशे किलोमीटर नुसता ऐकत बसतो. तोवर तात्पुरत्या बटनांनी गिअर हातानं टाकायचे. ह्या माणसाच्या पायात कुठल्या खुणेनंतर कुठला गिअर येतो, ते तो शिकतो. मग बटनाची गरज उरत नाही. खूण दिसली की मनात येण्याआधीच तो गिअर बदलून मोकळा होतो.

"फक्त एक आहे," इलियास म्हणाला. "हा एकाच माणसाचं ऐकतो. टँडमवर पाय चार. काका, कुणाचं ऐकायला लावू?"

"गाडी कोण चालवतं?" आबा म्हणाले.

तो प्रश्न नव्हता, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. मी चहा प्याले.

दोनशे किलोमीटर आम्ही महिनाभरात केले. आबा हातानं गिअर टाकत होते आणि ती पेटी गुपचूप शिकत होती. मग इलियासनं बटनं काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यवतेश्वरच्या घाटाला लागलो.

साताऱ्याचा आवाज खाली एका वळणाला एकदम तुटतो. तिथून पुढं झाडी, ओलावा आणि आपला श्वास. ते वळण संपलं आणि माझ्या पायात काहीतरी हलकं हलकं मागायला लागलं. मी 'आता' असं म्हणणार, तोवर चेन सरकली होती. आवाज कसला, तर कुणी पान उलटावं एवढाच. पाय मोकळे झाले. मला वाटलं, योगायोग. पुढं थोडी सपाटी आली, मांड्यांना जोर करावासा वाटला, आणि जोर करायच्या आधी गिअर जड होऊन वाट बघत होता. स्वप्नात आपण जिना चढतो आणि पाय उचलला की पायरी आपोआप खाली येते, तसं चाललं होतं. मी कितीतरी वर्षांत कशालाही न अडखळता एवढं अंतर गेले नव्हते.

आबा पुढून म्हणाले, "बघितलंस? माझ्या मनातलं वळखतंय."

मी हं म्हटलं. पण तोवर मला शंका आली होती. आबा वळण यायच्या आधी गिअर टाकतात, बसच्या सवयीनं. सहा वर्षं मी त्यांच्या मागे बसले आहे, त्यांचा गिअर नेहमी माझ्या पायांना लवकर येतो. आज प्रत्येक गिअर वळण संपल्यावर येत होता. मला पाहिजे तिथं. मी मुद्दाम करून पाहिलं. घाटमाथ्यावर मनात आणलं की आता उडी मारून पळायचं, आणि चेन धाकट्या चकतीवर उतरली. मनात आणलं की थकले, आणि मोठीवर चढली.

गिअर माझं ऐकत होता.

घरी आल्यावर मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दोन महिने गेले. आबा खुशीत होते. डेपोच्या कट्ट्यावर जुन्या ड्रायव्हरांना सांगायचे, मशीनला माणूस कळायला लागलाय, तुमच्याआमच्यासारखा मुरलेला पाय पाहिजे. ते ऐकून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. सकाळी सायकलवर मात्र मी वेगळीच असायचे. कासच्या पठारावर फुलं होती तेव्हा आबा रंग सांगायचे आणि मी वाऱ्याचा जोर बघून गाडी पळवायचे. पुढं हँडल कुठं वळतंय ते मला कळत नव्हतं, पण आम्ही किती वेगानं जायचं, कुठं दम घ्यायचा, कुठला चढ चिडून चढायचा आणि कुठला रमत, हे माझं होतं. त्याचा परिणाम घरातही झाला असावा. एकदा मी म्हटलं, आज पिठलं नको, आमटी करू. आबांनी विचारलं, बरी आहेस ना?

कार्तिकात सायकल तपासायला इलियासकडे दिली. आबा डेपोकडे गेले आणि मी दुकानात स्टुलावर बसले. इलियासनं पेटी त्याच्या मशीनला जोडली. मग त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं.

"काकी, माझ्याकडून चूक झालीय."

चूक अशी होती. पेटीबरोबर दोन दांडे येतात, एक मुख्य, एक साधा. मुख्य दांडा ज्या क्रँकमध्ये असेल त्याचं गिअर ऐकतो, साधा नुसती नोंद ठेवतो. इलियासचा हात तीस वर्षं साध्या सायकलींवर बसलेला. साध्या सायकलीत क्रँक एकच, चेन त्याच्यावरूनच चाकाला जाते, आणि मुख्य माल त्याच्यातच बसतो. टँडमवर चाकाला जाणारी चेन मागच्या क्रँकवर असते. हात सवयीनं तिकडे गेला आणि मुख्य दांडा माझ्या पायाखाली बसला. दोनशे किलोमीटर आबा गिअर टाकत होते आणि पेटी माझे पाय वाचत होती. आबांचा गिअर लवकर आला की माझे पाय कुठं कुरकुरतात, उशिरा आला की कुठं सुटतात, त्यावरून तिनं मला नेमकं काय हवं असतं ते शोधून काढलं होतं.

"दांडे काढायची गरज नाही," तो म्हणाला. "इथूनच अदलाबदल होते. पाच मिनिटांचं काम. काकांच्या पायांची नोंदही आत साठलेली आहे, ती उचलून घेईल." मग म्हणाला, "का राहू दे?"

दुकानात मेणाचा वास होता. बाहेर कुणीतरी चाकात हवा भरत होतं. मला राहू दे म्हणायचं होतं, ते अगदी जिभेवर आलं होतं. पण दोन महिने मी जे खात होते ते दुसऱ्याच्या ताटातलं होतं. मी म्हटलं, "काकांनी सांगितलं होतं तसं कर. आणि चूक झाली होती हे त्यांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

तो म्हणाला, बघा बुवा. आणि पाच मिनिटांत त्यानं ते केलं.

दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या पहिल्याच वळणाला गिअर एकदम जड झाला. चढावर जड. माझे गुडघे कळवळले. लगेच हलका झाला, लगेच पुन्हा जड. चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरायला लागली. आबा नेटानं मारत राहिले. तिसऱ्या वळणाला चेन उतरली आणि आम्ही बाजूच्या गवतात कलंडलो. लागलं नाही. पण आबा उठून सायकलीपाशी उभे राहिले आणि मला त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

सायकलची माहिती फोन बोलून सांगतो, माझ्यासाठी तशी सोय करून घेतली होती. आबांनी चेन बसवून फोन हातात घेतला, आणि त्यातली बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, पुढच्या स्वाराच्या डाव्या पायात अनियमित झटके आढळले आहेत.

आबांनी तिचा आवाज बंद केला. त्यांना वाटलं मी ऐकलं नाही.

त्यांचे थोरले भाऊ नानासाहेब कंपवातानं गेले. त्याची सुरुवात डाव्या पायापासून झाली होती. शेवटची दोन वर्षं त्यांना घास भरवावा लागे, आणि ते काम आबांनी केलं होतं.

त्यानंतर आम्ही दोनदा सायकल काढली. दोन्ही वेळा तेच झालं. मग आबांना रोज काही ना काही काम निघायला लागलं. मला डोळे नाहीत, पण घर मला ऐकू येतं. आबांचा कप बशीवर टेकताना आता खूप जपून टेकायचा, दोन्ही हातांनी धरलेला. दुपारी मी आडवी झाले की ते खुर्चीत बसून डावा पाय फरशीवर टेकवत. टक, टक, टक. मग थांबत. मग पुन्हा. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, मला काय झालंय?

आणि मला प्रश्न पडला होता. झटके खरे असतील तर? ते आत्ताचे आहेत की आधीपासूनचे, हे मला ठाऊक नव्हतं. पण एवढं कळत होतं की सोमवारी चांगला असलेला माणूस मंगळवारी कंपवाताचा होत नाही. आबांना तेच झाल्यासारखं दिसत होतं, कारण सोमवार आणि मंगळवारच्या मध्ये जे घडलं ते मी लपवलं होतं. सांगितलं तर त्यांच्या खुशीचे दोन महिने जाणार. नाही सांगितलं तर ते रोज थोडे थोडे नानासाहेब होत जाणार.

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी जेवताना, आबांनी सांगितलं की कऱ्हाडच्या एका संस्थेशी बोलणं झालंय. अंध मुलांसाठी त्यांना टँडम पाहिजे. शनिवारी टेम्पो येईल.

मी भाकरी खाली ठेवली.

"गिअर तुमचा नव्हता," मी म्हटलं. "पहिले दोन महिने. तो माझ्या पायांवर होता. इलियासकडून चूक झाली होती. त्यानं ती दुरुस्त केली, त्याच दिवसापासून हे सुरू झालं."

आबांचं ताट सरकल्याचा आवाज आला.

"तुला कवा कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि दुरुस्त झाली ते?"

"मीच करायला सांगितली. तुम्हांला सांगू नको, हेही मीच सांगितलं."

मग ते बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता.

"तीन आठवडे मी खिशात हात घालून हिंडतोय, वैजू. कुणाला दिसू नये म्हणून. गिअर तुझा असंल, असू दे. पण एवढं सांगायचं न्हाईस?"

मी म्हटलं, तुमचा मान जाईल असं वाटलं. ते म्हणाले, मान गेला असता तर संध्याकाळपर्यंत परत आला असता. मग त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी ताटं उचलली, धुतली, पुसली, आणि पुन्हा धुतली.

ते आले तेव्हा देवाजवळ दिवा लावून झाला होता. दारातच थांबले. मला मेणाचा वास आला, त्यावरून कळलं की इलियासकडे बसून आलेत.

"क्लच," ते म्हणाले.

मला कळेना.

मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं. इलियासनं पेटीतली सगळी जुनी नोंद काढली होती, अगदी पहिल्या दिवसापासूनची. आबांच्या डाव्या पायात तो झटका पहिल्या दिवसापासून होता. प्रत्येक वळणाच्या आधी, एकदाच, ठसठशीत. सपाट रस्त्यावर एकदाही नाही. तो आधी कुणाला कळला नाही, कारण त्या पायाचं कुणी ऐकतच नव्हतं. पेटी ऐकायला लागली आणि तिला वाटलं, माणूस जोर करतोय, ह्याला जड गिअर हवाय. इलियासनं नकाशा आणि झटके एकावर एक ठेवले तेव्हा आबाच म्हणाले होते, अरे, इथं तर मी सेकंड टाकतो. एकतीस वर्षं दाबलेला क्लच होता तो. आबांचा गिअर त्यांच्या डाव्या हातात होता, कानात होता. पायात होता तो फक्त क्लच. तरी इलियासनं जवळच्या डॉक्टरांकडे नेऊन पाय तपासून आणले होते. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहे, बस विकत घ्या.

हे सांगताना आबा हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पेला त्यांनी एका हातानं घेतला.

मग म्हणाले, "कासवरून उतरताना त्या दिवशी, धुकं होतं तवा, खालच्या वळणाला तूच टाकला होतास?"

"हो."

"बरोबर टाकलास," ते म्हणाले. माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण आबांनी ड्रायव्हर म्हणून मला काही म्हणायची ती पहिलीच वेळ.

इलियासनं त्यांच्यापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या. पेटीला शिकवायचं की ह्या माणसाचा क्लच सोडून दे, बाकीचं ऐक. आठवड्याभरात शिकेल, आणि गिअर आबांचा. किंवा पुन्हा माझ्या पायांवर. आबांनी विचारलं होतं, दोघांचं थोडं थोडं ऐकत नाही का? इलियास म्हणाला, करून बघितलंय काका, मग तो कुणाचंच धड ऐकत नाही.

"मग काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

हे त्यांनी असं म्हटलं, की जणू रोजच विचारतात. मी पदराला हात पुसले. खरं तर हात कोरडेच होते. मला वाटलं होतं, असं कधी विचारलं तर मी म्हणेन, असू दे, तुमच्याकडेच ठेवा. तेवढी सवय मलाही होती.

"माझ्या पायांवर ठेवा," मी म्हटलं.

आबांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, कऱ्हाडच्या लोकांना नको म्हणून कळवतो. लेकीला सांगू, त्यांना दुसरी बघून दे. आणि आणखी थोड्या वेळानं, "पण केळघरच्या घाटात न्हाय. ती माझी लाईन आहे."

"तिथंच," मी म्हटलं.

पौषात गेलो. मेढ्यापर्यंत लेकीनं गाडीतून सोडलं. सकाळी धुकं एवढं होतं की आबा म्हणाले, आता तुझ्यामाझ्यात फार फरक नाही. गार हवेत शेकोटीचा धूर होता, कुठंतरी स्ट्रॉबेरीच्या रानात पाणी सुटलं होतं. केळघर मागं पडलं आणि रस्ता वर उचलायला लागला.

आबांच्या हातांना काम नव्हतं. हँडल होतं, ब्रेक होता, पण चढाला ब्रेक कोण मारतो. थोडा वेळ ते नुसते बसल्यासारखे वाटले. मग बोलायला लागले. इथं एक म्हातारी हात करायची, तिच्या पाटीत कोंबड्या असायच्या, कोंबड्यांचं तिकीट मागितलं की तिला ऐकायला यायचं नाही. ह्या वळणाला एकवीस सालच्या पावसात दरड आली आणि बस रात्रभर उभी होती, गावातल्या लोकांनी सगळ्यांना भात आणून दिला. हा आंबा तेव्हा एवढासा होता. सहा वर्षं मी ह्या माणसाच्या मागं बसले होते आणि रस्ता म्हणजे मला चढ, उतार आणि वास एवढाच होता. आता त्यात माणसं उभी राहायला लागली. मी पायडल मारत होते, चेन पानं उलटत होती, आणि एकोणीस वर्षांचे उतारू धुक्यातून चढत-उतरत होते. मला दिसत होते म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

प्रत्येक वळणाआधी त्यांचा डावा पाय दाबला जायचा. क्रँकमधून मला तो आता ओळखू यायचा.

घाटाच्या वरच्या अंगाला एक लांब चढ आहे, वळण नसलेला. तिथं आबांचं बोलणं थांबलं. आधी गोष्टी आखूड झाल्या, मग शब्द, मग नुसता श्वास. ते साठीच्या पुढचे, मी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, आणि माझे आखूड क्रँक मजेत फिरत होते. त्यांना हलका गिअर पाहिजे होता. ते मला कळत होतं, आणि मागावा लागणार हे त्यांना कळत होतं. ह्या घाटात आबांनी एकोणीस वर्षं कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं.

मी ठरवलं, मागू दे. एकदा मागतील तेव्हा ऐकू आलं नाही असं करीन, कोंबडीवाल्या म्हातारीसारखं. दुसऱ्यांदा मागतील तेव्हा देईन. फार नाही, एवढी गंमत माझी राहिली होती. मी पाय तसेच जोरात ठेवले.

आबांनी श्वास घेतला. "वैजू," ते म्हणाले, "जरा..."

पुढचा शब्द यायच्या आत चेन वर चढली. सायकल हलकी झाली, त्यांचा श्वास सैल झाला, आणि दोघांचे पाय सावकाश, एका लयीत फिरायला लागले.

"दिलास होय लगीच," आबा म्हणाले.

"मी नाही दिला," मी म्हटलं. "द्यायचा का नाही, ते मी अजून ठरवत होते."